मामांच्या हॉटेलातला चहा

रायपूर, मंगळवार

प्रिय आई,

जयभीम. मी बरी आहे, मेसचं जेवणही आता चांगलं मिळते. बाबांचा गुडघा कसा आहे?

आंदोलनाचं ऐकून घाबरू नको, कोणालेच मार लागला नाही. अभनपूरच्या पुढं एका हॉटेलात आदिवासी पोरांले बाहेर उभं करून कागदी कपात चहा देतात. म्हणून आम्ही कॉलेजातले सगळे तिथं दारासमोर धरणं देऊन बसलो. माझी रूममेट सुखमतीही होती. ती गोंड आहे.

गल्ल्यावर आपले तुळशीराम मामा! त्यांनी घेतलेलं नवं हॉटेल हेच, हे मले तिथंच समजलं.

"ही तर आमची भाची! आत ये, बेटा," म्हणत त्यांनी मले काचेच्या गिलासात चहा दिला. सुखमतीले बाहेर, कागदी कपात. मी विचारलं, "काहून, मामा?" तर म्हणाले, "गिऱ्हाईक तुटते."

आई, मी तो चहा पिऊन टाकला. सगळ्यांसमोर मामांले नाही म्हणता आलं नाही. सुखमती काचेतून पाहून राहिली होती.

आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, हे तूच सांगितलं ना? मामा त्यांचेच पोरगे. आणि मी नात.

होस्टेलवर मी सुखमतीची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "कल मेरे साथ बाहर बैठेगी?"

"हव," म्हटलं.

मी बाहेर बसली की मामांचा तुले फोन येईल. माझ्या वतीनं त्यांची माफी मागू नको.

तुझी,
चेतना