इन्व्हर्टरची वायर

अण्णा,

आईला नेहमीच्या दवाखान्यात नेतेय. शेजारचे सांडूभाऊ रिक्षा काढताहेत, तेवढ्यात लिहिते. तुम्ही औषधांना उस्मानपुऱ्यात गेलात, अन् मोबाईल इथंच टेबलावर.

अकराला लाईट गेली. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आले तर आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद, ओठ जांभळे. रेडिओ मात्र तिच्या उशाशी गात होता.

इन्व्हर्टर चालू असला की रेडिओत खरखर येते, म्हणून तुम्ही त्याच्या बॅटरीची वायर काढून रेडिओला लावलीत. परत लावायची राहिली. तिनंच म्हटलं असेल, "अहो, ते लांबचं स्टेशन एकदा नीट ऐकू द्या की." तिचं मन तुम्ही कधी मोडलं नाही, मला ठाऊक आहे.

वायर मी पुन्हा इन्व्हर्टरला जोडलीय. आपल्या सुयशला फोनवर लाईट गेली एवढंच सांगितलं, वायरीचं नाही. तुम्हीही तेवढंच सांगा.

श्वास आहे, अगदी बारीक. येताना तिची शाल आणा. अन् रेडिओत सेल घालून तोही आणा. माझ्या हाकेला ती ओ देत नाही. त्या स्टेशनाला दिली तर देईल.

स्वरदा