हायब्रीड की इलेक्ट्रिक: जावईबापूंना सल्ला

रा. रा. जावईबापू सूरजराव यांना पानशेतच्या गेनबाचा रामराम.

हितं आमी समदी खुशाल. म्हशीचा पाय बरा झाला, हिचा गुडघा तेवढा न्हाई. तुमची नि शिवानीची खुशाली कळवावी. (ती फोनवर कळवते, पण घाईत. आईनं जेवलीस का विचारेस्तोवर तिची मीटिंग लागते.)

मामा, कुठली गाडी घेऊ, असं तुमी विचारलंत. जावयानं सासऱ्याचा सल्ला घ्यावा, ह्यानं माझी छाती लई फुगली. दोन्ही गाड्या तुमी ट्रायलला आमच्या दारात आणलेल्या, तवा बघून सांगतो.

हायब्रीड गुणाची. थोडं पेट्रोल पिते, वीज आपली आपण करते, कुणापुढं हात पसरत न्हाई. निघताना तुमी बटण दाबलंत तर आवाजच न्हाई. म्हटलं, बॅटरी बसली! जावयाची गाडी आपल्या दारात बंद पडली तर गावात तोंड कुठं दाखवायचं? शेजारच्या सावळाला हाळी घातली नि दोघांनी धक्का मारत चढावरनं पार डांबरीपर्यंत न्हेली. तुमी आत स्टेअरिंग धरून गप. (गाडी आधीच बॅटरीवर चालू होती, नि आमी पडू नये म्हणून तुमी हळू हाकत होता, हे शिवानीनं मागनं हसत सांगितलं. सावळाला अजून सांगितलेलं न्हाई. तो गावभर ताकदीची बढाई मारतोय.) त्या दिवशी जेवलात नि उन्हं कलायच्या आत गेलातबी. हिनं पोरीसाठी अंथरूण काढून ठेवलं होतं, ते परत घडी करून ठेवलं.

इलेक्ट्रिकचा खर्च कमी, धूर न्हाई, हे खरं. पण खोडी लई. तुमी भोर, वेल्हं फिरून आलात नि बॅटरी तळाला गेली. गोठ्यातल्या बोर्डाला वायर लावली तर वैरण कापायची कडबाकुट्टी बंद. म्हैस वैरणीसाठी ओरडून ओरडून बेजार. त्यात लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तुमची रजा फुकट गेली. शिवानी आईच्या कुशीत झोपली, सकाळी चुलीपुढं बसून दोघी कशाला एवढ्या हसत होत्या, देव जाणे. घर भरल्यागत वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते काही गाडीच्या गुणांत धरता येत न्हाई.

तवा हायब्रीडच घ्यावी.

आपला,
गेनबा

ता. क. पत्र हिला वाचून दाखवलं. तवापासून रतनबाई माझ्याशी बोलंना, चहाबी आदळून ठेवला. शेवटी म्हणाली, "पोरीला लगेच घेऊन जाणारी गाडी कशापायी सांगताय?" तरी वरचा सल्ला खोडला समजावा. इलेक्ट्रिकच घ्या. कडबा म्या हातानं तोडीन.

आणखी एक. पानशेतला एका हाटेलवाल्याकडं अर्ध्या तासात गाडी चार्ज करायचं यंत्र बसणार हाय म्हणं. पाया पडतो जावईबापू, तिकडं फिरकू नका.