बाजू अ जिथे संपते

९ नोव्हेंबर, रवि.
सोसायटीच्या गच्चीवर 'रेट्रो संध्याकाळ'. सेक्रेटरी कराओकेवर गायला. सुराशी त्याचं सात जन्मांचं वैर असावं. टाळ्या पडल्या, सामोसे होते ना. मी मागच्या खुर्चीत बसून मनात माझी यादी म्हटली. क्र. १ ते क्र. १०, सगळी इंग्रजी, सगळी कॉलेजात असताना भरून घेतलेल्या पिवळ्या कॅसेटवरची. पस्तीस वर्षांत यादीत बदल नाही. तशी लायकीच कोणी दाखवली नाही.
क्र. १ अजूनही क्र. १. गिटारचा सोलो ऐन रंगात येतो आणि खाडकन बंद. ना निरोप, ना लाडीगोडी. आमच्या अख्ख्या इंद्रलोक भागात हे कळणारा मी एकटा.

११ नोव्हें., मंगळ.
मु.च्या, म्हणजे आमच्या मुक्ताच्या, लग्नाला एकोणीस दिवस. जावई नीलेश, नवघरचा, कोळ्यांचा. मुलगा चांगला, तेवढं मान्य. पण गाडीत जे लावतो त्याला पॉप म्हणतो! तीन शब्द, चाळीस वेळा. आमच्या वॉशिंग मशीनला याहून बरी चाल आहे.
त्याला क्र. ४ ऐकवलं. "मस्त आहे काका, जिममध्ये चालेल."
जिममध्ये. त्या गाण्यापायी मी अकाउंट्सचा पेपर बुडवला होता.

१६ नोव्हें., रवि.
नवघरला व्याह्यांकडे जेवण. सुरमई उत्तम. मुद्दाम लिहून ठेवतो, नाहीतर म्हणतात मी कशालाच चांगलं म्हणत नाही.
दामोदरराव, म्हणजे नीलेशचे वडील, बँजो पार्टी चालवतात. हळदी, गणपती, नवरात्र. ओटीवर माणसाएवढे स्पीकर. आणि मु.ने सगळ्यांसमोर जाहीर केलं: हळदीला बाबा गिटारवर क्र. १ वाजवणार, बँजो पार्टीबरोबर! लहानपणी तिला त्याच गाण्यावर झोपवायचो, हे खरं. म्हणून बँजो?
मी म्हणालो, "हे हळदीत नाचायचं गाणं नाही हो. याला कान लागतो."
दामोदरराव हसले. माझी बायको हसली नाही. मु. ताटावरून उठली.
मी काय चुकीचं बोललो?

२० नोव्हें., गुरु.
मु. चार दिवस माझ्याशी गरजेपुरतंच बोलते. "दूध आलंय." "चावी कुठेय?" दहा दिवसांत जाणार ही पोरगी, आणि जाताना हेच...
दुपारी दामोदरराव पत्रिका घेऊन आले. भिंतीवरची गिटार पाहिली. "वाजवा की साहेब." वाजवलं. मांडीवर बोटं ठेवून ऐकत होते, डोळे मिटून. मी थांबलो. त्यांनी डोळे उघडले.
"मंग? फुडं काय हाय?"
"पुढे काही नाही. तिथेच संपतं."
"न्हाय हो साहेब. गाना अर्ध्यावर हाय. असा कोन थांबतं?"
अर्धा तास समजावलं. हे असं तोडणं म्हणजे काय धाडस आहे, वगैरे. कॉलेजच्या वार्षिकांकात यावर लेख लिहिला होता, हेही सांगितलं. "आसंल, आसंल," म्हणाले आणि चहा प्यायले. बँजोवाल्याने मला शिकवावं!

२१ नोव्हें., शुक्र.
मु. ऑफिसातून आल्यावर तिला कालचा किस्सा सांगितला, नक्कल करून. वाटलं हसेल, बोलायला लागेल. तिने फोन काढला आणि क्र. १ लावलं. माझी थांबायची जागा आली.
गाणं थांबलं नाही.
मीच फोन बंद केला.
कॅसेट भरून देणाऱ्या दुकानदाराने टेप संपेपर्यंत गाणी कोंबली होती. बाजू अ तिथे संपली. बस. एवढंच होतं ते धाडस.
"मला अकरावीपासून माहितीय, बाबा."
"मग बोलली का नाहीस?"
"तिथे थांबताना तू किती खूश दिसायचास."

२३ नोव्हें., रवि.
वार्षिकांक शोधून लेख वाचला. दोन पानं. 'श्रोत्याच्या तोंडावर दार आपटणारी कलाकृती'. दार कॅसेटवाल्याने आपटलं होतं. दुसऱ्यांना एवढी नाकं मुरडण्याआधी गाणं तरी पूर्ण ऐकायचं, गाढवा.
बायको म्हणते, "आधी मुलीची माफी मागा, गाण्याचं नंतर बघा." तोंडाशी आली होती. तेवढ्यात केटररचा फोन.

२८ नोव्हें., शुक्र.
उद्या हळद.
सकाळी दामोदररावांचा आवाजी मेसेज: "साहेब, तुमी जितं थांबता ना, तितून फुडं मी बशिवलंय बँजोवर. तुमी न्हाय वाजवलं तरी पोरीसाठी वाजवीन. वाजवलं तर बरं हाय." तीनदा ऐकला. त्या रविवारी मी जे बोललो, त्यानंतर हा माणूस बसून माझं गाणं पुरं करत होता. लाज वाटली. खाली दीड मिनिटाची क्लिप आहे, ती उघडली नाही. तिच्या शेवटी लहान मुलांचा कोरस आहे, असं त्यांनीच लिहिलंय. कोरस! क्र. १ मध्ये!
शांती नगरला जाऊन गिटारच्या तारा आणल्या. दुकानदार म्हणाला, "अंकल, शादी में बजाना है?" एरवी त्याला चार शब्द सुनावले असते. नुसतं "हां" म्हणालो.
संध्याकाळी मु. पिवळ्या साडीला इस्त्री करत होती.
"उद्या येतोयस ना?"
"म्हणजे काय? बाप आहे तुझा."
"गिटार घेऊन?"
माफी राहिलीच. बाहेर येऊन नव्या तारा चढवल्या, सुरात लावल्या, नेहमीच्या जागेपर्यंत दोनदा वाजवून पाहिलं. दोन्ही वेळा मी थांबलो, आणि आतल्या खोलीत मु. पुढचं गुणगुणत राहिली.