बदामची सत्ती

अहो,

भाकरी टोपलीत झाकून ठेवली आहे. मी पाथर्डीला लेकीकडे जाते. सकाळी दोनदा सांगितलं, पण तुम्ही पत्त्यांतून मान वर केली नाही, म्हणून लिहिते.

दोन्ही मुलं नोकरीला लांब गेल्यापासून तुम्ही दिवसभर चार वाटे मांडता आणि चारही एकटेच खेळता. मुलांचे खेळा, ती इथे नाहीत. पण माझाही वाटा तुम्हीच खेळता, मी समोर बसलेली असताना. परवा तर आपला मुलगा समोर बसल्यासारखं मोठ्याने विचारलंत, "गोरक्षा, पास का रे?" मला भीती वाटली.

बदामची सत्ती मी बरोबर नेली आहे. तिच्यावाचून डाव सुरूच होणार नाही. हवी असेल तर पत्राने मागवू नका. येऊन तोंडाने मागा. तेवढं तरी माझ्याशी बोलाल.

चांगुणा