बंदूक भरतानाची शांतता

प्रिय विक्की,

जय भीम.

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "बाबा, बंदुकीच्या लायसनचं काय झालं? मी नागपुरातच आहो तर कागदं करून घेतो ना." मी "पाहू" म्हणालो आणि फोन तुझ्या आईच्या हातात दिला. ती म्हणाली, पोरगं धड काही विचारते तर तुम्ही फोन असा फेकता जसा काही चटका बसला. चटकाच बसला होता, पण ते तिला सांगता आलं नाही. बंदूक तुझ्या नावावर करायची की नाही, एवढाच तुझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर देण्यासाठीच लिहायला बसलो आहे. गावच्या शाळेत गुरुजींनी पत्र लिहायला शिकवलं तेव्हा आम्ही सगळी पोरं खोट्याच मामाला खोटीच खुशाली कळवायचो. स्वतःच्या मुलाला खरं काही लिहायची ही पहिलीच वेळ. मागेपुढे होईल. सांभाळून घे.

घरी तसं ठीक आहे. मृग बहराचा संत्र्याचा माल उतरून गेला, बाग आता नुसत्या पानांवर उभी आहे. ऊन तापायला लागलं. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण ती विहारात जाणं सोडत नाही. कन्हानहून तुझ्या बहिणीचा, मायाचा फोन असतो, तिच्या पोरीला दात येऊन राहिले. बांधाशेजारचा बळीरामकाका रोज विचारतो, "विक्की कसा आहे गा, मामाकडे करमते का त्याले?" मी म्हणतो, करमते. खरं काय ते मला ठाऊक नाही. तू फोनवर "हो बाबा", "नाही बाबा" एवढंच बोलतोस, आणि मागे श्रीधरमामाच्या दुकानातलं कुलरचं पातं घरघरत असतं. मी तुझ्या आवाजापेक्षा त्या घरघरीकडेच जास्त कान देतो. ती ऐकू आली की बरं वाटतं. तू माणसांत आहेस, एवढं तरी कळतं.

तुझ्या आजोबांनी, आबाजींनी ती भरमार बंदूक पिकाच्या राखणीसाठी घेतली तेव्हा मी फार लहान होतो. दीक्षेच्या वेळी ते सोळा-सतरा वर्षांचे असतील. नागपूरहून पायी परत आले ते पंचशील घेऊन, आणि आयुष्यभर त्याला धरून राहिले. मग हातात बंदूक कशी, असं गावातले लोक विचारायचे. आबाजी सांगायचे, मी आवाज करतो, जीव घेत नाही. नळीत बारूद घालायची, वर चिंध्यांचा बोळा ठासायचा, आणि आभाळाकडे तोंड करून उडवायची. डुकरं नाल्यापार पळून जायची. छर्रे आमच्या बंदुकीत कधी गेलेच नाहीत. लायसनसोबत घेतलेले छर्रे डब्यात तसेच पडून राहिले. बळीरामकाकाचा बाप बांधावरून ओरडायचा, "आबाजी, डुकराले पंचशील शिकवून राहिले का गा?" आबाजी म्हणायचे, "हो, आज पहिलंच शिकवलं. उद्या आलं तर दुसरं सांगतो." डुकरांनी बाग नासली त्या वर्षीही त्यांनी छर्रे भरले नाहीत.

पण ते भरायला बसले की सगळं घर गप्प व्हायचं. हा नियम तू माझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलास की तुला त्याचा वीट आला होता. तुझी आजी रुखमाबाई चुलीवरचं भांडं आधीच उतरवून ठेवायची आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून बसायची. रेडिओ बंद. दारात कोणी आलं तर ओठावर बोट ठेवून त्याला ओट्यावर बसवायची आणि पाणीही खुणेनेच विचारायची. एकदा एक पाहुणा घाबरून म्हणाला, "काहून वं माय, कोणी मेलं का घरात?" आजी कुजबुजली, "कोणी मरू नाही म्हणून तर गप बसलो आहो." आबाजींचं म्हणणं असं की बारूद भरताना माणसाचं मन हातात पाहिजे. कोणी हाक मारली, मन तिकडे गेलं, परत आलं की भरलं होतं का नव्हतं याचा विसर पडतो आणि हात दुसऱ्यांदा बारूद घालतो. दुप्पट बारुदीने नळी फाटते आणि उडवणाऱ्याच्या तोंडाजवळ फाटते. म्हणून त्यांनी बारूद ठासायच्या गजावर कानशीने एक खूण केली होती. बारूद ठासून झाल्यावर गज नळीबाहेर त्या खुणेइतकाच दिसला पाहिजे.

तुझं भरणं म्हणजे जत्रा. एका कानात ते मोबाइलचं बोंड, त्यावर मॅच, टीव्हीवर आईची मालिका, आणि मधेच एखाद्या मित्राला "थांब बे, बंदूक भरून राहिलो" असं मोठ्यानं सांगणं. मागच्या हिवाळ्यात कोण्या तरी विकेटच्या नादात तू दोनदा बारूद घातलीस आणि गज खुणेच्या पार वर उभा राहिला. तू हसत विचारलंस, "बाबा, गज वाढला का?" मी किती बोललो ते तुला आठवत असेल. तुझी आई मलाच म्हणाली, "पोराले काय झापता, टीव्हीचा आवाज तुम्हीच मोठा केला होता." तेही खरं होतं. पण मी त्या दिवशी तुला सांगून टाकलं की ज्या दिवशी सगळं बंद करून, शांत बसून बंदूक भरशील, त्या दिवशी लायसन तुझ्या नावाचं करीन. तू मान डोलावलीस आणि दुसरं बोंड कानात घातलंस.

त्यानंतरचे महिने तुझे कसे गेले ते मी पाहत होतो. पोलीस भरतीत तू धावण्यात पुढे होतास आणि लेखीत राहिलास, आणि आता वयही निघून गेलं. मग काजलशी झालेलं साक्षगंध तिच्या घरच्यांनी मोडलं, लग्नाला नाही म्हटलं. तिचे वडील चांगले माणूस आहेत. ओट्यावर बसून चहा पिऊन सांगून गेले की मुलगा लाखात एक आहे, पण पोरीला नागपुरात नोकरीवाला पाहिजे. तू आतल्या खोलीत होतास. तुझ्या मोबाइलवर गाणं चालू होतं, ते तू बंद केलं नाहीस. मला वाटलं, बरं झालं, पोराने मनावर घेतलं नाही. पुढे तू जेवायचास, बागेत जायचास, मोटार चालू-बंद करायचास. फक्त बोलणं कमी झालं. मी तुझ्या आईला म्हणालो, आता जरा समजदार झाला. तीही हो म्हणाली. आम्ही दोघंही त्यावर समाधानी होतो.

आता त्या दुपारचं. तुझी आई बचत गटाच्या बैठकीला गेली होती. मी ओट्यावर फवारणीच्या पंपाचा वायसर बदलत होतो. आधी माझ्या काही लक्षात आलं नाही. मग जाणवलं की घरात काहीच वाजत नाही. टीव्ही बंद. मोबाइल बंद. इतकं ऊन असून पंखासुद्धा बंद. तू घरात असताना हे घर असं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या गप्पपणातून गज नळीत ठासल्याचा आवाज आला. सावकाश, एकसारखा, अगदी आबाजींच्या हातचा. क्षणभर, विक्की, मला आनंद झाला. शिकला एकदाचं पोरगं, असं वाटलं. आणि लगेच दुसरी गोष्ट डोक्यात आली की झाडावर एकही संत्रं नाही, राखण कशाची?

आत गेलो तर काय दिसेल, आणि मी काय बोललो तर तू काय करशील, हे कळेना. हाक मारायचीही भीती वाटत होती. सगळं आयुष्य ज्या आवाजांना दाबत आलो तेच मला त्या वेळी पाहिजे होते. मी पंप ओट्यावरून खाली ढकलला. बादली लाथाडली. गोठ्यात जाऊन बकरीचं दावं सोडलं आणि तिच्या पाठीत थापटी मारून तिला बळीरामकाकाच्या हरभऱ्याकडे हाकललं. मग जेवढा आवाज होता तेवढा लावून बोंबललो, "विक्की, अरे बकरी सुटली गा! काकाच्या वावरात घुसली, धाव लवकर, माझा पाय मुरगळला!" तिकडून काका उठलाच, "प्रेमानंद, तुही बकरी हाये का नांगर! सारा हरभरा खाऊन राहिली ना बे!" तू दारात आलास. घामाने भिजला होतास. माझ्याकडे पाहिलंस, बकरीकडे पाहिलंस, आणि सवयीने धावत सुटलास. त्या मुक्या जनावराचं माझ्यावर मोठं ऋण आहे.

तू वावरात होतास तेवढ्यात मी बंदूक रिकामी केली. गजाची खूण बरोबर होती. बारूद एकदाच घातली होती. पण वर चिंधी नव्हती नुसती. मी ओढून काढलं तेव्हा छर्रे जमिनीवर पडून खाटेखाली घरंगळत गेले. आमच्या घरात तो आवाज त्याआधी कोणी ऐकला नसेल. मी गुडघ्यांवर बसून ते वेचले, डब्यासकट विहिरीत टाकले आणि बंदूक पुन्हा खुंटीवर लावली. तू बकरी घेऊन आलास, आत जाऊन आलास. खुंटीकडे पाहिलंस की नाही ते मला दिसलं नाही, पण बाहेर येऊन तू माझ्या मुरगळलेल्या पायाकडे पाहिलंस. मी ताक पीत होतो. तू विचारलंस, "जास्त दुखते का?" मी म्हणालो, नाही, उतरून राहिलं. तेवढंच आपलं बोलणं झालं.

दोन दिवसांत तुला प्रताप नगरला मामाकडे पाठवलं. दुकानात माणूस पाहिजे हे मी श्रीधरला म्हणायला लावलं होतं. तू गेलास त्याच सकाळी मी बंदूक पोत्यात गुंडाळून ठाण्यात नेली. शिपाई म्हणाला, "इलेक्शन तर नाही ना काका, मग काहून जमा करता?" मी सांगितलं की मला आता वापरायची नाही. लायसन रद्द करण्याचा अर्ज तिथेच लिहिला. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. ती बंदूक तुझ्या नावावर होणार नाही, माझ्याही नावावर राहिली नाही, आणि खुंटी मी उपटून टाकली. आईला एवढंच माहीत आहे की डुकरांसाठी आता बागेला सौर कुंपण लावायचं ठरलं.

रोज सायंकाळी विहारात पंचशील म्हणतो. पहिलं शील म्हणताना आजवर माझ्या डोळ्यांपुढे डुक्कर यायचं, ससा यायचा, पाखरं यायची. जीव घेऊ नये, म्हणजे दुसऱ्याचा, असंच मी धरून चाललो. आपला स्वतःचा जीवही त्या शिकवणीत येतो हे मला आत्ता कळलं, साठीला टेकल्यावर. आता तेवढ्या ओळीला माझा आवाज फुटत नाही. शेजारी बसलेली तुझी आई कोपर मारते, तिला वाटतं मला डुलकी लागली.

असंही होऊ शकतं की मी सगळं चुकीचं समजलो. तुझ्या मनात दुसरंच काही असेल. तसं असलं तर मला पोटभर हस, गावभर सांग, बळीरामकाकालाही सांग, मला काही वाईट वाटणार नाही. पण हे मी फोनवर विचारलं असतं तर तू "काही नाही बाबा" म्हणाला असतास, आणि मी ते मानून घेतलं असतं, कारण मला तेच ऐकायचं होतं. म्हणून लिहिलं. सुहासिनीमामीला मी सगळं सांगितलं आहे, तिच्यावर रागावू नकोस. ती दवाखान्यात नोकरी करते, असं झालेली पोरं आणि म्हातारी माणसं तिने पुष्कळ पाहिली आहेत. तिने मला शांतपणे ऐकून घेतलं, आणि मी येईपर्यंत तुला एकटं न सोडण्याचं कबूल केलं. मनाच्या डॉक्टरकडे तिने सोमवारसाठी दोन नावं लावली आहेत. एक तुझं, एक माझं. मला त्या दुपारपासून झोप नाही, अन्न गोड लागत नाही, घरात कुठेही जरा शांतता झाली की मी उठून पाहायला जातो. सोमवारच्या पहिल्या एसटीने येतो. आईला डोळे दाखवायला जातो म्हणून सांगितलं आहे. दवाखान्यात तू काही बोलला नाहीस तरी चालेल. आधी मी आत जातो, माझं काय दुखते ते सांगतो. तू बाहेर बाकावर बस. तुला वाटलं तर मग तू आत ये, नाही वाटलं तर आपण दोघं चहा पिऊ आणि पुढच्या सोमवारी पुन्हा नंबर लावू. मी तोवर नागपुरातच राहीन. बागेला पाणी बळीरामकाका देणार आहे.

तुझाच,
बाबा