नवव्या मजल्यावर विरजण

प्रिय मिना,

फोन सोडून पत्र काहून, असं तू विचारशील. आता हॉलमध्ये वाटाण्याएवढा कॅमेरा बसवलाय. रविंद्र ऑफिसातून त्यातून माझ्याशी बोलतो. सोफ्यावर जरा कलंडले की छताजवळून आवाज येतो, "आई, बरी आहेस ना?" पोटच्या पोराच्या आवाजानं अंगावर काटा येतो, मिना. म्हणून ओट्यापाशी उभ्यानं लिहिते आहे. बोर्डिंगात सिस्टर सांगायच्या, रागात पत्र लिहू नये, एक रात्र जाऊ द्यावी. मी अकरा जाऊ दिल्या. राग तसाच आहे.

पुण्याला येऊन आठवडा झाला होता. इथलं डब्यातलं दही मला गिळवेना, म्हणून दूध तापवलं आणि आपल्या गावी, कुरुंद्यात केलं असतं तेच केलं. दिवे लागायच्या आत वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला निघाले. नव्या घरात पहिलं विरजण शेजारचंच, त्यानंच शेजार लागतो, हे तुला काय सांगायचं! आपण दोघी नव्या मास्तरणी म्हणून शेजारच्या जिवनबाईच्या दारात उभ्या राहिलो तेव्हा ती म्हणाली होती, "काहून बाई, एवढ्या शिकल्या अन् दही लावायचं न्हाई शिकवलं व्हय?" वर मिरचीचा ठेचाही दिला.

इथे पहिल्या दाराची घंटी वाजवली. माणूस आलं नाही, दारच बोललं, "क्या चाहिए?" मी त्या लाकडाला सांगितलं, थोडं विरजण. दार म्हणालं, "नहीं चाहिए." दुसऱ्या दाराचं भिंग काळं झालं, पलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं, मग चपला मागे सरकल्या. मी आठव्या मजल्यावरही उतरले, चूक असेल तर तेवढीच. आत कुकरच्या शिट्ट्या होत्या, लेकरांचं हसू होतं. पण त्या दिवशी मला या इमारतीत एक हात दिसला नाही, मिना, एक हात!

त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो आला. दाराच्या कॅमेऱ्यातला, माशासारखा फुगलेला चेहरा, पुढे वाटी. खाली लिहिलेलं, अनोळखी बाई दारोदार फिरते आहे, सावध राहा. मला वाटलं, रविंद्र लिहील, ही माझी आई आहे, तुम्ही दार का उघडलं नाही? त्यानं काय लिहिलं ते सूनबाईनं, शीतलनं, दोन दिवसांनी दाखवलं. "माफ करा, ती माझी आई आहे. तिला हल्ली काही आठवत नाही. उपचार सुरू आहेत."

कसले उपचार? मी विचारलं तर म्हणाला, "लोकांना काहीतरी सांगावं लागतं गं, सोपं पडतं." हाच पोरगा जिवनबाईकडून विरजण आणताना निम्मं वाटेत चाटायचा!

तेव्हापासून सगळे मऊ झालेत. दार न उघडणाऱ्या बाया लिफ्टमध्ये हळू आवाजात "आजी, नववाच ना?" म्हणून बटण दाबतात. वॉचमन कोपराला धरून आणून सोडतो. बंद दारांची नाही वाटली एवढी भीती या मऊपणाची वाटते. आणि मी, मेली, स्वतःलाच तपासते. आपल्या बोर्डिंगातल्या दहावीच्या वर्गाची हजेरी म्हणते, एकपासून चौतीसपर्यंत. परवा एकोणिसाव्याला अडकले, पुन्हा एकपासून सुरू केलं. मग आठवलं, एकोणीस नंबरची सेवा वर्षाच्या मधेच शाळा सोडून गेली होती. बराबर ना?

आता लिहिण्याचं कारण. पुढच्या शनिवारी मला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. जुन्या ओळखीच्या माणसाला ते फोनवर विचारतात, आणि रविंद्रनं तुझा नंबर दिलाय. तू दुसऱ्याच्या लेकराला कधी नाही म्हणत नाहीस. तो आधी मावशी मावशी करत फोन करील आणि तू त्याच्या समाधानासाठी म्हणशील, "वय झालं रे बाबा, सांभाळून घे." ते वाक्य तोंडातून काढायचं नाही. वाटी घेऊन आपण सगळ्याच जायचो, एवढंच डॉक्टरांना ठणकावून सांग. आणि गेल्या वर्षभरात तुला माझ्यात खरंच काही दिसलं असेल, तू माझ्या तापट स्वभावाला भिऊन बोलली नसशील, तर ते शनिवारच्या आत कळव. मला. त्याला नाही.

तुझीच, अजून तरी पूर्ण शुद्धीत असलेली,
पंचफुला