ओढ्यात मासे आहेत म्हणून

चिरंजीव भावास दादाचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. प्रयोगशाळेत माशांच्या टाक्या सांभाळायचं काम बरं चाललंय.

तू लिहिलंस, "कारखान्याखालच्या ओढ्यात मासे आहेत, म्हणजे पाणी चांगलंच. आता तेच पितो." वाचून लगेच हे पत्र लिहायला बसलो.

परवा मी चुकून तळ्यातले मासे अशाच एका कारखान्याखालच्या ओढ्याचं पाणी भरलेल्या टाकीत सोडले. दुपारपर्यंत सगळे मरून वर आले. त्या ओढ्यातले मासे मात्र त्याच टाकीत मजेत पोहत होते. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "काका, विष सोसणारे तेवढे जगले आणि त्यांचीच पिल्लं वाढली. पाणी विषारीच आहे."

तू म्हणशील, दादा मासे राखता राखता पंडित झाला. हस, पण आधी हंडा ओतून दे. लांब पडलं तरी वरच्या विहिरीचं पाणी आण. उकळूनही हे विष जात नाही, तेही मी विचारलं.

तुझ्या छोटीचं पोट दुखतंय हे तू अगदी शेवटी का लिहिलंस? तिला आजच डॉक्टरकडे ने. मी रोज देवापुढे तिचं नाव घेतो.

माशांच्या कितीतरी पिढ्या मेल्या, तेव्हा कुठे उरलेल्यांना ते पाणी सोसलं. आपल्या घरात पोर एकच आहे रे.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा दादा